नाववालीचं जेवण

६ मार्च

चि. विसरभोळीस,

तुला एक आजी आहे. दचकू नकोस, सावकाश आठव. बुटकी, गुडघ्यांनी कुरकुरणारी, तुझ्या आईची नजर चुकवून तुला गोड खाऊ घालणारी. आठवली? बरं. तिच्याच खोलीत तुझी आत्याआजीही राहते. तीही आठवून ठेव, कारण हे पत्र तिच्याबद्दल आहे. तुझं मागचं पत्र कधी आलं होतं ते मला सांगता येणार नाही, पण त्याच्या पाठीवर शिंपीणबाईनं एका कोटाची मापं लिहून घेतली होती, आणि तो कोट आता वापरून झिजून उसवायला परत आला आहे.

मला अक्षरओळख नाही हे तुला ठाऊक आहे. मी सांगते आणि जिन्यापलीकडची शिंपीणबाई लिहिते. मधेच ती 'असं नका हो लिहू' म्हणते, मग ते तर मी हमखास लिहायला लावते. फोन का नाही केला असं विचारशील. फोन आमच्या एकुलत्या एका खोलीत, आणि फोनशेजारच्या खुर्चीत दिवसभर वन्सं. नणंदेचं गाऱ्हाणं तिच्याच कानाशी बसून कसं सांगू? शिवाय तुझ्या कामावर तुमचे फोन दारातच काढून घेतात म्हणे. बाहेर गुपित फुटू नये म्हणून. चपला ठेवू देतात ना पायात?

तर ऐक. वन्सं जेवत नाहीत.

सकाळी कपभर दूध, तेही मी पाठ फिरवली की. ताट पुढे ठेवलं की 'नंतर' म्हणतात, आणि ते नंतर काही उजाडत नाही. टीव्हीवर नवी नाववाली मालिका सुरू झाली तेव्हापासूनचं हे आहे.

जुनी नाववाली तुला आठवते, तिच्यापायी तर तू त्या धंद्यात शिरलीस. नदीवर माणसांची ने-आण करणारी बाई. दर भागात तिच्या नावेत कोणाचं भांडण, कोणाचं लग्न, कोणाची चोरी, आणि सगळं आटोपलं की संध्याकाळी ती नाव बांधून फळीवर बसायची. डबा उघडायची. कडक पाव मोडायची, कांदा फोडायची, वाडग्यातलं सूप ढवळायची. बोलणं नाही, गाणं नाही. पाणी काठाला लागायचं आणि बाई जेवायची. तिनं दोर फेकला की मी ताटं वाढायची, हा आपल्या घरचा नेम. मालिका संपली, त्यावर दोन सिनेमे आले आणि गेले, पण जुने भाग वाहिनीवर रोज संध्याकाळी लागत राहिले आणि आम्ही दोघी रोज नाववालीच्या पंगतीला. अलीकडे तर वन्सं दिवसातून तेवढंच जेवायच्या, पण पोटभर.

आता जुने भाग काढून टाकले. लोक तेच बघत बसले तर नवी कोण बघणार, असा हिशेब असेल. आणि नवी कशी, तर नाव गेली, धडाडणारी बोट आली. नाववालीची नात म्हणून एक पोरगी आहे, तिला कोणीतरी मारायला टपलंय, का ते आम्हाला अजून कळलेलं नाही. सगळे कुजबुजतात आणि वरून ढोल. अंधार तर एवढा की दिवे बंद करून बघितलं तरी काही दिसेना, आणि दिवे लावले तर पडद्यात आम्हीच दिसायला लागलो. वन्सं म्हणतात, 'काही दिसत नाही बाई.' आणि त्यात कोणी म्हणून कोणी जेवत नाही.

तू तिथे चित्रांची तोडजोड करतेस ना? मग तेवढं जेवण परत घाल. बोटी उडवा, पूल पाडा, माझं काही म्हणणं नाही. शेवटी एका बाईला दोन घास खाऊ द्या. डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरलं तर इस्पितळात न्यायचं आणि नाकातून नळी घालायची. तुझ्या बापालाही त्यांनी तेच सांगितलं, तो सुट्टी काढून येतोय न्यायला. वन्सं मला म्हणाल्या, 'नळीवाले आले तर आतून कडी लाव.' मी हसले. त्या हसल्या नाहीत.

तुझी (आठवली असेल तर) आजी


१३ मार्च

प्रिय आजी,

आठवलीस. शपथ, विसरले नव्हते. पत्र लिहायचं म्हणून रोज ठरवते आणि घरी येऊन बूट न काढता झोपते.

आत्याआजीचं वाचलं. तू तिला हातानं भरवून बघ ना. ताटात भाजी, पाव, सूप नीट वेगवेगळं मांडून ठेव, म्हणजे बघून तरी खावंसं वाटेल.

मालिकेचं काय सांगू? आम्ही वीसेक जण दोन खोल्यांत बसतो, खिडक्यांना काळा कागद लावलेला, म्हणून आम्हाला पडद्यावरचा अंधार अंधार वाटत नाही. माझं टेबल कोपऱ्यात. काय ठेवायचं आणि काय काढायचं ते साहेब ठरवतात, मी बटण दाबते. पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं की ही मालिका मला पाठ आहे. ते म्हणाले, 'मग आधी ती विसरा.' तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

पण एक चांगली बातमी आहे. सहाव्या भागात जुनी नाववाली येते. तीच, खरी. चित्रीकरणाच्या दिवशी मला तिथे उभं राहू दिलं होतं. ती माझ्याशेजारून गेली, हात लावता येईल इतक्या जवळून. तू आत्याआजीला सांग, सहाव्या भागापर्यंत धीर धर. नाववालीला बघितलं की तिची भूक परत येईल. मला खात्री आहे.

शिंपीणकाकूंना नमस्कार. त्यांना म्हणावं, पत्रावर मापं लिहायला माझी हरकत नाही.

तुझी नात


२१ मार्च

चि. खात्रीवालीस,

बघितला तुझा सहावा भाग.

वन्संनी दुपारपासून तयारी केली होती. मला केस विंचरून द्यायला लावले. धुतलेला झगा घातला, त्याची बटणं एक घर चुकली होती, ती मी लावली तर हात झटकला. ताट मी तू सांगितलंस तसं मांडलं. त्यांनी चमचा हातात घेतला आणि बसल्या.

ढोल वाजले. कुजबुज झाली. मग खिडकीपाशी जुनी नाववाली उभी. माझ्या अंगावर काटा आला गं. एक अक्षर बोलली नाही. वळून बघितलं, नातीच्या डोक्यावर हात ठेवला, बाहेर बोटीत जाऊन बसली आणि बोट पेटली. झालं. एवढ्यासाठी त्या बाईला म्हातारपणी घरातून उठवून आणलंत?

ढोल थांबले तेव्हा वन्संनी चमचा खाली ठेवला. म्हणाल्या, 'आज पण नाही आली ती.'

मी म्हटलं, 'आली की वन्सं. खिडकीपाशी होती. मेलीसुद्धा.'

'हो का,' म्हणाल्या.  आणि मग, 'माझं ताट उचल.'

त्यांना ती खरी नाववाली वाटलीच नाही, असं मी समजले. मलाही कुठे वाटली? तिच्यासारखी दिसणारी कोणीतरी पाहुणी आणून उभी केली आणि जाळली.

दुसऱ्या दिवशी भरवायला गेले. तुझा सल्ला. घास ओठाला लागला तशा त्या दचकल्या, अंगावर पाल पडावी तशा. भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, 'मला कोणी लहान मूल करू नका.' तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. त्यांचं मनगट आता माझ्या दोन बोटांत मावतं. परवा अंगठी गळून कुठेतरी पडली, तर मला शोधू देईनात. 'राहू दे, असेल इथेच.'

शिंपीणबाई म्हणते, एवढं लिहू नका, पोरगी घाबरेल. घाबर. मला एकटीला घाबरायचा कंटाळा आला आहे.

आणि मला एक सांग. नाववालीला तुम्ही नुसतं जाळायला बोलावलं होतं? ती आली आणि जेवली नाही, हे मला पटत नाही. तू तिथे उभी होतीस. खरं काय ते लिही.

आजी


२६ मार्च

आजी,

तू विचारलंस म्हणून सांगते. अंगठी सापडेल. आत्याआजीला म्हणावं, बाबा यायच्या आत मी काहीतरी करते. पाकिटात पेनड्राइव्हची एक काडी आहे, बोटाएवढी. काकूंनी ती टीव्हीच्या पाठीमागच्या खाचेत घालायची, बाकी आपोआप होईल.

शिंपीणकाकू, इथून पुढचं आजीला वाचून दाखवू नका.

नाववालीचं जेवण चित्रित झालं होतं. ती फळीवर बसली होती, हुबेहूब जुन्यासारखी. मी स्वतः ते जोडलं होतं, भागाच्या शेवटी. बोट वगैरे पेटत नव्हती तेव्हा. साहेबांनी ते बघितलं आणि विचारलं, 'इथे काय घडतंय?' मी म्हटलं, 'ती जेवतेय.' ते म्हणाले, 'ते दिसतंय मला. घडतंय काय?'  खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. ते म्हणाले, 'काही घडत नाही तिथे लोक उठून जातात. काढा.' मी काढलं. माझ्याच बोटानं, काकू. एक बटण. हात जरा थांबलासुद्धा नाही. मग त्या जागी आगीची चित्रं आली, तीही मीच लावली, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझी तारीफ केली. मला बरं वाटलं. ते बरं वाटल्याचं आठवलं की आता मी डबा न उघडताच परत नेते.

त्या काडीत तेच काढून टाकलेलं जेवण आहे. बाहेर काढायला सक्त मनाई आहे, कळलं तर नोकरी जाईल. वर लावलेलं संगीत मी बंद केलंय, म्हणजे तिला जुन्यासारखं शांत वाटेल. आजीची तक्रार मिटावी म्हणून मी हे करत नाहीये. मला आत्याआजी हवी आहे.

नात


१ एप्रिल

चि. नातीस,

शिंपीणबाईनं 'इथून पुढचं वाचू नका' हेही वाचून दाखवलं आणि पुढचंही वाचलं. ती म्हणते, पत्र ज्याचं त्याला मिळायला हवं. बटणाबद्दल तुला काय बोलायचं ते मी मनात ठेवलं होतं, पण त्यानंतर जे झालं त्यात ते राहूनच गेलं.

काल संध्याकाळी शिंपीणबाईनं काडी टीव्हीच्या पाठीत खुपसली. मी ताटं वाढली. वन्संना म्हटलं, 'आज नाववाली जेवणार आहे. नातीनं खास पाठवलंय.' त्या सावरून बसल्या, चमचा घेतला. तोंडावर असं काही आलं, की वाटलं सुटलो आपण.

पडदा उजळला. आली गं ती. केस पिकलेले, पण मान तश्शीच तिरकी. फळीवर बसली, डबा उघडला, पाव मोडला. मी आणि शिंपीणबाई बघतच राहिलो. इतकं बरं वाटलं की मी स्वतःच दोन घास खाल्ले, न बोलता.

बऱ्याच वेळानं मागून वन्सं म्हणाल्या, 'लाव की मग.'

मी म्हटलं, 'काय लावू?'

'नाववाली. बोलत काय बसलीस नुसती. ताट निवतंय.'

पडद्यावर ती सूप ढवळत होती. तिचा उजेड वन्संच्या तोंडावर पडला होता. डोळे उघडे, सरळ समोर.

शिंपीणबाईनं माझा दंड धरला. मी उठले आणि वन्संच्या आणि टीव्हीच्या बरोबर मधे जाऊन उभी राहिले. एरवी कोणी असं आडवं आलं तर त्या काठीनं टोचतात. त्या वाट बघत बसल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, 'वीज गेली का गं?'

मी म्हटलं, 'हो वन्सं. गेली.'

तुझ्या काडीत आवाज नव्हता. नुसतं चित्र. आणि वन्संना चित्र दिसत नाही. काहीच दिसत नाही. कधीपासून, देव जाणे.

रात्रभर एकेक जुळत गेलं. बटणं. अंगठी. घास ओठाला लागल्यावर दचकणं. जिनं जन्मभर दुकानाच्या काचेमागे बसून घड्याळं दुरुस्त केली, मोहरीच्या दाण्याएवढे स्क्रू नुसत्या डोळ्यांनी बसवले, ती मला कशी सांगणार, वहिनी, मला माझं ताट दिसत नाही? संध्याकाळी सगळ्यांचे डोळे पडद्यावर असायचे. हात ताटात कुठे चाचपतो, सूप कुठे सांडतं, बघायला कोणी नव्हतं. त्या तेवढ्याच वेळात जेवून घ्यायच्या. पाव मोडल्याचं ऐकलं की पाव शोधायच्या, चमचा वाजला की चमचा. त्या कधीपासून नाववालीला कानांनीच बघत होत्या.

आणि नव्या मालिकेत काही दिसत नाही असं तर सगळेच म्हणतात. त्याही म्हणाल्या. शंका कोणाला येणार? त्यांना ढोलांच्या खाली कोणी सापडलंच नाही गं. रोज ताट घेऊन बसायच्या आणि कोणी यायचंच नाही.

एका खोलीत राहते मी त्यांच्याबरोबर. मला कळलं नाही. याबद्दल तू मला काही लिहू नकोस.

मी त्यांना काही विचारलेलं नाही, विचारणारही नाही. आता तू एवढंच कर. चित्र नको. त्या जेवणाचा आवाज पाठव. पाव मोडतो तो, सूप ढवळते तो, पाण्याचा. तुझा बाप दहा-बारा दिवसांत येतोय. कालपासून त्या दूधही घेत नाहीत. लवकर पाठव बाळा. हात जोडते.

आजी


५ एप्रिल

आजी,

मी जिन्यात बसून लिहितेय, कारण टेबलावर रडता येत नाही.

आवाज नाहीये. मी संगीत बंद केलं तेव्हा चुकून सगळंच बंद केलं असं मला वाटलं होतं. ध्वनीवाल्याकडे धावत गेले. तो म्हणाला, 'तिथे वर संगीतच येणार होतं, म्हणून आम्ही माइक लावलाच नव्हता.' मग मी ते चित्र मोठं करून बघितलं, नीट, पहिल्यांदा. वाडगं रिकामं आहे, आजी. कोरडं. सारखं सारखं भरावं लागू नये म्हणून तसंच दिलं होतं. पाव तिनं तोंडाशी नेला आणि परत ठेवला. मी हे शंभरदा बघितलं होतं आणि मला ती जेवतेय असं वाटत होतं.

जुने भाग मागितले. तळघरातल्या बाईनं माझी दया येऊन लावून दाखवले. त्यांनाही नवा साज चढवलाय, पुढे कधीतरी विकायला. नाववाली दोर फेकते तिथून व्हायोलिन सुरू होतं आणि ती पाव मोडते तिथे ढोल. मूळ फिती कुठे आहेत, तर 'असतील कुठेतरी.' जुन्या नटीच्या घरी फोन केला. म्हटलं, नुसतं फोनवर जेवा, मी आवाज भरून घेते. तिच्याकडे काम बघणारा माणूस म्हणाला, करारानुसार त्यांना नाववालीसारखं काहीही करायला मनाई आहे. मी विचारलं, 'जेवायलासुद्धा?' तो म्हणाला, 'त्या पद्धतीनं, हो.'

शेवटी साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं, काडीचं सोडून. शेवटच्या भागात एकदा, एकदाच तिला खरं जेवू द्या म्हटलं. नवीन पोरगी जेवली तरी चालेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नाहीये तो. म्हणाले, 'तुमच्या आत्याआजींबद्दल वाईट वाटतं. पण त्या आपल्या प्रेक्षकांत मोडत नाहीत.'

मी या मालिकेत आले तेव्हा मला वाटलं होतं, मी आपल्या खोलीत परत चाललेय. तीच नदी, तीच फळी. आता ती कुठेच नाही, नव्यात नाही, जुन्यातही नाही, आणि ती पुसणाऱ्यांत मी होते. मी येऊ का? सगळं सोडून येते. पण येऊन तरी काय करणार, मला ते माहीत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. बाबांना थांबवा. तू काहीतरी सांग, आजी. मला काही सुचत नाहीये.


११ एप्रिल

चि. नातीस,

डोळे पूस आणि जिन्यातून उठ. दगडी जिना असेल तर सर्दी होते.

आधी डोळ्यांचं. मी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं. त्यांना ठाऊक होतं. वन्संनीच त्यांना गप्प बसवलं होतं. आतल्या नसा वाळल्यात, आता उपाय नाही म्हणाले. मी त्यांना दोन शब्द ऐकवले. शिंपीणबाई ते लिहायला तयार नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी वन्सं उशीवरून मान उचलत नव्हत्या. पत्र ऐकलं आणि मी शिंपीणबाईला म्हटलं, आता कोणी येत नाही. ती म्हणाली, मग काय करायचं? मी म्हटलं, मला काय माहीत, मी कुठे नटी आहे.

संध्याकाळी मी टीव्ही लावलाच नाही. माझी खुर्ची त्या बंद पडद्यासमोर ओढली, वन्संकडे पाठ करून. त्यांना उठवून बसवलं, ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं, पाव हाताला लागेल असा. शिंपीणबाईनं ओला टॉवेल जमिनीवर आपटला, तो दोर. बादलीत हात हलवत बसली, ती नदी. आणि मी जेवायला लागले. आजवर तुम्हाला सगळ्यांना आवाज न करता जेवा म्हणून ओरडले, आणि आता एकेक घास शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा. पाव मोडला. कांदा बुक्कीनं फोडला. सूप ढवळलं. चमचा जरा जास्तच वाजवला.

मागून चमचाही वाजला नाही. मला वाटलं, गेल्या.

मग आवाज आला. 'म्हशीसारखी चघळतेस. ती अशी नाही जेवायची.'

मी वळले नाही. म्हटलं, 'वन्सं, ही नवी नाववाली आहे. हल्ली सगळं नवंच असतं.'

'हिच्यापेक्षा ढोल बरे होते,' म्हणाल्या.

शिंपीणबाई बादलीत हात तसाच धरून बसलेली. आणि मग मागे पाव मोडला. माझा नाही गं. मी माझा मोडला नव्हता.

मी पडद्याकडे बघत जेवत राहिले. त्या काळ्या काचेत पाठीमागची त्यांची खुर्ची अंधूक दिसते, म्हणून मी डोळे मिटून घेतले. त्या किती जेवल्या ते मला माहीत नाही. ताट उचलताना खाली पडलेलं बोटांनी गोळा केलं, दिवा न लावता.

फार आशा धरू नकोस. दुसऱ्या दिवशी काहीच खाल्लं नाही. काल चार घास. आज सकाळी दूध प्यायल्या आणि माझ्यासमोर कप खाली ठेवताना टेबल चाचपलं, लपवलं नाही. मी खिडकीबाहेर काय चाललंय ते सांगत बसले. डॉक्टर अजूनही नळीचंच बोलतात. तुझा बाप परवा येतोय, आणि तो त्यांच्या तोंडाकडे बघत बसणार, त्याला तेवढंच येतं. त्याला आज फोन कर. म्हणावं, काय ठरवायचं ते ठरव, पण जेवायच्या वेळी टीव्हीकडे तोंड करून बसायचं आणि मागे वळायचं नाही. का ते सांगू नकोस. आजीचा हुकूम म्हण.

नोकरी सोड किंवा धर, मी त्यात पडत नाही. येणार असशील तर ये. पण तुलाही तोच नियम. इथे एक खुर्ची रिकामी आहे, पडद्यासमोर. माझा जबडा संध्याकाळपर्यंत दुखून येतो, आणि दिवसातून चार वेळा जेवायचं म्हणजे या वयात साधं काम नाही. कोणीतरी पाळीला लागेल.

यायच्या आधी पार्सल पाठव. जाड कडक टोस्ट, दोनदा भाजलेले, मोडताना खोलीभर ऐकू जातील असे, आणि हातात धरून खाता येतील एवढे मोठे. सूप नको, चटणी नको, सांडणारं काहीही नको. केक तर मुळीच पाठवू नकोस, तो खाल्लेला कोणाला कळत नाही.